घोट्याखाली

धक्क्यावरच्या बारा लाकडी पुतळ्यांना म्हाताऱ्या सुताराने पावलं कोरलीच नव्हती. गावाचा पहिला नावाडी असो की जाळी विणणारी बाई, घोट्याखाली नुसता चौकोनी ओंडका. जे सिमेंटात गाडायचं, त्यावर पटाशी कशाला झिजवा?

वीस वर्षांनी नावाडी एका बाजूला कलला, म्हणून आज भर दुपारी त्याला उपटून आडवा केला. सुतार वाकला आणि बघतच राहिला. घोट्याखाली पावलं होती. दहा बोटं, नखं, भेगाळलेल्या टाचा. बोटांच्या बेचक्यात ओली वाळू.

"हे काही माझं काम नव्हे."

"तुमचंच असणार. चष्मा कुठे ठेवला ते तरी आठवतं का हल्ली?" शेजारच्या जाळीवालीच्या पुतळ्याचं लुगडं रंगवत बायको म्हणाली.

त्याने अंगठ्याने टाच दाबून पाहिली. लाकूडच होतं, चांगलं टणक. पटाशीची एकही खूण नव्हती. टाच झिजलेली मात्र होती, जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाची झिजते तशी.

"अहो," बायकोचा आवाज एकदम खाली आला. लुगड्याच्या काठाशी तिचा ब्रश थांबला होता. "इथलं सिमेंट फुटलंय. हिने एक टाच उचललीय."