बशीखालचा ग्लास

मिक्सरने जेमतेम दोनदा घुर्रर्र केलं आणि लिफ्टमास्तरांनी बटण बंद केलं.

"झालं? एवढंच?" शेजारच्या नर्सताईंनी विचारलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात पंच म्हणून उभ्या होत्या.

"यातच तर सगळी गोम आहे, ताई. लिंबू सालीसकट घ्यायचं, पण नुसतं फिरवल्यासारखं करायचं. जास्त वाटलं की सालीचा कडूपणा उतरलाच म्हणून समजा."

हे ज्ञान मास्तरांना फुकट मिळालं नव्हतं. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून ते गेल्या महिन्यात निवृत्त झाले, आणि त्याच सुमाराला बायको एका नाटकमंडळीकडे पोशाख शिवायला जाऊ लागली. घर मास्तरांच्या ताब्यात आलं. पहिल्या दिवशी त्यांनी मिक्सर मिनिटभर चालू ठेवला आणि तोंड वाकडं करून सगळं मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी बिया काढायच्या राहिल्या. चौथ्या दिवशी मात्र ओट्यापाशी उभ्या उभ्या पहिला घोट घेतला आणि स्वारी स्वतःवरच खूश झाली.

प्रश्न तसा पस्तीस वर्षांचा होता. मास्तर कामावरून पाचला सुटायचे, पण कॅरमचे दोन-चार डाव झाल्याशिवाय त्यांचे पाय घराकडे वळत नसत. सातला घरी आलं की फ्रिजमध्ये ग्लास तयार असायचा, वर बशी झाकलेली. दाट, दुधाळ, गारेगार लिंबाचं सरबत. आणि प्रत्येक घोटाच्या शेवटी जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा.

"हिच्या हाताला चव आहे, पण सरबतात नेमकी कडू उतरते," हा विनोद मास्तरांनी पाहुण्यारावळ्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ऐकवला होता. बायकोही हसायची. "असेल बाई," म्हणायची आणि रिकामा ग्लास विसळायला घ्यायची.

गेल्या रविवारी नर्सताईंसमोर पैज लागली. मास्तरांच्या सरबतात कडूपणा सापडला नाही, तर दोष हाताचाच होता हे बायकोने चारचौघांत कबूल करायचं. सापडला, तर यापुढे घरातलं सरबत जन्मभर मास्तरांनीच करायचं.

बायकोने एकच अट घातली होती. "मी यायच्या आधी, चारला करून ठेवा. दमून आल्यावर ग्लास तयार मिळणं म्हणजे काय, ते मलाही कळू दे."

"ठेवतो की! फ्रिजमध्ये, बशी झाकून. अगदी तुझ्यासारखं."

"अगदी माझ्यासारखं," ती म्हणाली होती.

आता मास्तरांनी बारीक गाळणीतून लिंबाचं पाणी गाळलं, साली बाजूला टाकल्या, आटवलेल्या गोड दुधाचा अर्धा डबा ओतला, बर्फ टाकून पुन्हा एक फेरा दिला. वर पांढरा फेस आला. एक ग्लास बशी झाकून फ्रिजमध्ये गेला, दुसरा नर्सताईंच्या हातात.

नर्सताईंनी डोळे मिटून घोट घेतला. "अहो, लोणी आहे हे! कडूपणा औषधालाही नाही. वहिनी हरल्या."

"तुमच्या तोंडात साखर पडो," मास्तर म्हणाले, आणि सदरा बदलायला गेले. जिंकताना माणूस जरा बरा दिसावा.

चार वाजले. सव्वाचार झाले. बायको घड्याळासारखी वेळेवर येणारी, तिला कधी उशीर होत नसे. लिफ्ट वर आली की मास्तर दाराशी जाऊन उभे राहायचे. एकदा समोरच्या घरातली पोरं उतरली, एकदा दूधवाला. पाचला त्यांनी फोन लावला.

"येतेच हो. थोडं शिवायचं राहिलंय," ती म्हणाली.

साडेपाचला ते गॅलरीत गेले, परत आले, उशांचे अभ्रे सारखे केले. दुसऱ्यासाठी काहीतरी करून ठेवायचं आणि मग नुसतं बसून राहायचं, हे किती जिवावर येतं, हे त्यांना या वयात पहिल्यांदाच कळत होतं. थोडा रागही आला. काळजी त्याहून जास्त वाटत होती.

सहाला बेल वाजली. बायको आत आली, हातात राजाचा मखमली झगा. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नर्सताईंना हाक मारली आणि फ्रिजमधला ग्लास बशीसकट पुढे केला.

बायकोने सावकाश दोन घोट घेतले.

"काय ते खरं सांग," मास्तर म्हणाले.

"चांगलं झालंय." तिने ग्लास त्यांच्याकडे दिला. "घ्या ना तुम्हीपण."

मास्तरांनी घोट घेतला आणि ते थांबले. दाट, दुधाळ, गारेगार. आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा तोच पस्तीस वर्षांचा ओळखीचा कडवटपणा.

"असं कसं होईल? ताई, तुम्ही प्यायलात ना? चारला तर..."

"चारला अमृत होतं!" नर्सताईंनी ग्लास हातात घेऊन चाखला आणि ओठ मुडपले. "अगंबाई."

"माझंही पाचला अमृतच असायचं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट ती गालातल्या गालात हसत होती.

मास्तर खुर्चीत बसले. मग शेवटची धडपड म्हणून म्हणाले, "ते खरं गं. पण आज तुला उशीर झाला नसता, तर मीच जिंकलो असतो."

"मला कुठला उशीर?" झग्याची शेवटची गुंडी ओढून बघत ती म्हणाली. "मी चारलाच आले होते. खाली लिफ्टशेजारच्या बाकावर बसले होते, सहा वाजेपर्यंत."