सही जुळेना

दार उघडण्याआधी लोर्ना हॅस्केटने पडद्याआडून पाहून घेतलं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट. अंगणात लोर्नाच्या उमेदवाराची पाटी होती, आणि मुलीच्या कोटावर बिल्ला होता दुसऱ्याचा. मतदान होऊन तीन दिवस झाले होते. आता हिला काय हवंय, ते लोर्नाला कळेना.

"मी मरीसोल," मुलगी म्हणाली. "पाटी पाहिली मॅम, तरी आले. दार लगेच लावू नका. वेस्ली हॅस्केट इथेच राहतो ना?"

"माझा मुलगा तो. काय झालंय त्याला?"

"त्याला काही नाही. त्याच्या मताला झालंय. टपालाने मत पाठवलंय त्याने, पण पाकिटावरची सही लायसन्सवरच्या सहीशी जुळत नाही. उद्या पाचच्या आत 'सही माझीच' असं त्याने कळवलं नाही, तर पाकीट न उघडताच बाद. फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. लायसन्सचा फोटो पाठवला की झालं."

"सोळाव्या वर्षी केलेली सही ती. जुळेल कशी?"

"आमच्या सगळ्यांचंच असं झालंय. सही करायची वेळच येत नाही कधी. आली की जमेल तशी रेघ ओढायची. नेवाडात अशी हजारो पाकिटं पडून आहेत, बहुतेक आमच्याच वयाच्या पोरांची. आणि फरक किती, तर सोळाशे मतांचा."

"म्हणजे अध्यक्ष कोण, ते तुमच्या गिरगोट्यांवर ठरणार!" लोर्ना म्हणाली. "तीस वर्षं मत देतेय मी. माझ्या सहीसाठी कुणी कधी दारात आलं नाही."

"तुमची सही जुळते, मॅम."

लोर्नाला हसू आलं, ते तिला आवडलं नाही. "पत्ता कुठला दिलाय त्याने?"

मरीसोलने टॅब्लेट तिच्याकडे वळवला. पत्ता हाच होता. घर सोडताना पोरगा जुने बूटसुद्धा घेऊन गेला होता, मत तेवढं इथेच ठेवून गेला होता. लोर्नाने ती ओळ पुन्हा वाचली.

"त्याचा यादीतला नंबर बंद आहे," मरीसोल म्हणाली. "तुमच्याकडे दुसरा असेल तर बघा."

होता. भांडून गेला त्या दिवशी वेस्लीनेच तो फ्रिजवर चिकटवला होता, "अगदीच अडचण असेल तरच" असं बजावून. चौदा महिने लोर्ना अडचणीची वाट पाहत होती. मार्चमध्ये गरम पाण्याची टाकी फुटली तेव्हा तिला खरं म्हणजे आनंदच झाला, पण मेला प्लंबर तासाभरात येऊन दुरुस्त करून गेला. तिच्या वेसचा आवाज ऐकायला तिचा जीव तुटत होता. जीव तुटणं ही अडचण धरायची की नाही, एवढंच तिला ठरवता येत नव्हतं.

तिने नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

पोरगा घाबरला होता. तिला बरं वाटलं.

"मला काय धाड भरलीय!" ती म्हणाली, आणि सहीचं सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

वेस हसला. "आणि हे तू मला सांगतेयस? मी कुणाला मत दिलंय, ठाऊक आहे ना? तुझं मत फुकट जाणार त्याने."

"जाईना का."

"बरं, मग आता करायचं काय मी?"

"इथे यावं लागेल," लोर्ना म्हणाली. "स्वतः. उद्या पाचच्या आत."

मरीसोलची मान झटकन वर झाली. ती बोलणार तोच लोर्नाने हात वर केला. एवढं एकदा चालवून घे, असं तो हात म्हणत होता.

लोर्ना मनात हिशोब करू लागली. वेस राहतो त्या लास व्हेगसहून सात तास. सकाळी सहाला निघाला तरी एकला इथे. आल्या आल्या त्याला भूक लागलेली असणार, तर आधी जेवण, मग निवडणुकीचं ऑफिस. रोस्टसाठीचं मांस आत्ताच फ्रीझरमधून काढून ठेवायला हवं होतं.

"उद्या ड्यूटी आहे गं माझी," वेस म्हणाला. "सात तास यायचं, सात तास जायचं. नाही जमणार." मग हळूच म्हणाला, "पहिलंच मत होतं माझं. जाऊ दे. बाद तर बाद."

हे 'जाऊ दे' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. शाळेच्या संघात नाव आलं नाही, तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता, आणि दोन दिवस जेवला नव्हता.

तिने फोन मरीसोलच्या हातात दिला. "सांग त्याला. फोनवर होतं म्हणून सांग."

मरीसोल पायरीवर बसली. तिने सांगितलं, त्याने फोटो पाठवला, टॅब्लेटवर हिरवी खूण आली. दोन मिनिटंही लागली नाहीत. लोर्ना दारातच उभी होती. त्याला घरी बोलवायचं हातात आलेलं निमित्त आपणच घालवलं, याचं तिला रडू येत होतं.

"झालं," मरीसोल उठत म्हणाली. फोन परत देताना ती घुटमळली. "तो विचारतोय, आई खोटं का बोलली."

लोर्नाने फोन कानाला लावला. पलीकडे वेसचा श्वास ऐकू येत होता.

"टोनोपा गाव आपल्या दोघांच्या अर्ध्या वाटेवर आहे," ती म्हणाली. "तिथपर्यंत मी येते. तुझी सुट्टी असेल त्या दिवशी. निवडणुकीचं नावसुद्धा काढणार नाही."

वेसने फोन ठेवला नाही.