आत्या उभी राहिली
सत्ताधारी पक्षाला गावात आपला सरपंच बिनविरोध हवा होता. विरोधात अर्ज भरलेल्या एकाला तडीपारीची नोटीस आली, दुसऱ्याचा ढाबा अनधिकृत ठरवून पाडला. सगळं अगदी कायद्यानं. दोघांनाही लेकरंबाळं होती. त्यांनी अर्ज मागं घेतले. उरली फक्त हौसाबाई, पक्षाचा उमेदवार प्रज्ञेश याची सख्खी आत्या. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. माघारीच्या शेवटच्या दिवशी प्रज्ञेश तिला मोटारसायकलवरून वडगावला तहसील कचेरीत घेऊन आला. पायरीवर बसल्यावर हळूच म्हणाला, “आत्ये, माघारीवर सही कर. न्हाईतर तुज्या घरालाबी नोटीस काढत्याल. माज्या हातात काय न्हाई.” तिनं त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. “तुला पाडाया न्हाई रं उभी ऱ्हायले. तू लय गुणाचा हायेस. पर बाबासाहेबांनी मत दिलं, ते घरात ठिवायला व्हय?” प्रज्ञेशला पक्षाच्या तालुकाध्यक्षाचा सारखा फोन येत होता. त्यानं फोन बंद केला आणि दोघांसाठी चहा सांगितला. शिपायानं मुदत संपल्याचं ओरडून सांगितलं, तेव्हा आत्याचा अर्ज तसाच होता. परतीच्या वाटेवर त्यानं विचारलं, “आत्ये, घर पाडाया आले तर?” “मग तुज्याकडं ऱ्हाईन.” “आन मत कुणाला देशील?” “ते सांगायचं नसतंय,” ती म्हणाली आणि त्याचा खांदा घट्ट धरून बसली.