सहा नंबरच्या बाळाची शीर

दुसऱ्यांदा टोचूनही सुईत रक्त आलं नाही. तिने सुई अलगद मागे घेतली आणि बाळाच्या मनगटावर कापूस धरला. ते मनगट तिच्या करंगळीएवढंही जाड नव्हतं.

बाळ अकराशे ग्रॅमचं. सलाईन चालू असलेला हात सुजला होता, म्हणून नवी शीर हवी होती आणि ती लवकर हवी होती. सलाईन थांबलं की एवढ्याशा जिवाची साखर भराभर उतरते.

कॅज्युअल्टीत नऊ वर्षं काढून ती नवजात बाळांच्या या अतिदक्षता विभागात आली होती. तिकडे तिला सगळे ‘नेमबाज’ म्हणत. झटापट करणारा दारुडा असो की शंभर किलोचा पैलवान, नेमबाज एका खेपेत शीर पकडायची. इकडे यायचं तिने ठरवलं तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला होता. "दोन वर्षांत तिथे इन्चार्ज झाली असतीस, आणि आता पुन्हा पहिलीत जाऊन बसणार?" त्याचंही काही चूक नव्हतं. पण कॅज्युअल्टीत माणूस यायचा, वरच्या वॉर्डात जायचा आणि पुढे जगला की गेला, हे तिला कधी कळायचंच नाही. इथलं बाळ दोन-दोन महिने राहायचं आणि एक दिवस आईच्या कुशीत घरी जायचं. ते जाणं तिला डोळे भरून बघायचं होतं. पण इथे आधी तीन महिने तिला पारखून घेणार होते, आणि आज त्यातला शेवटचा दिवस होता. दोन वाजता इन्चार्ज सिस्टर तिच्या कागदावर निकाल लिहिणार होत्या. एक तर इथे कायम, नाहीतर जिथून आलीस तिथे.

विभागाचा एक नियम तिला पहिल्याच दिवशी सांगितला होता. एकीने दोनदाच टोचायचं, मग दुसरीला बोलवायचं. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. तो सगळ्या पाळतात, असं मात्र कोणी छातीठोकपणे सांगितलं नसतं.

आणि नेमकी आता तिला शीर दिसली. घोट्याजवळ, निळसर, सरळ. मघाशी हिच्याकडे लक्ष कसं गेलं नाही? इथे आपण चुकणार नाही, हे तिच्या बोटांना कळून चुकलं होतं. इन्चार्ज सिस्टर पलीकडच्या बाळाच्या काचेच्या पेटीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून त्याला नळीने दूध देत होत्या. बाकीच्या आपापल्या कामात होत्या. तिने नवी सुई उघडली.

तेवढ्यात तिची नजर बाळाच्या चेहऱ्यावर गेली. बाळ रडत होतं. तोंड वासलेलं, कपाळावर आठ्या, चेहरा लालबुंद. पण घशात श्वासाची नळी होती, त्यामुळे रडण्याला आवाजच नव्हता. कॅज्युअल्टीत कोणाची सुई चुकली तर पेशंट शिव्या घालायचा, हात हिसकून घ्यायचा, नातेवाईक अंगावर धावून यायचे. इथे तिला अडवणारं कोणीच नव्हतं. हातातल्या सुईची तिला लाज वाटली.

तिने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि विभागातल्या सगळ्यांत धाकट्या सिस्टरला हाक मारली.

"अगं, जरा ये. माझं दोनदा टोचून झालंय. घोट्याजवळ एक दिसतेय, तू बघ."

धाकटीने पहिल्याच खेपेत शीर पकडली. रक्त दिसलं, सलाईन सुरू झालं. "झालं, ताई," म्हणून ती पुढच्या कामाला गेलीसुद्धा. नऊ वर्षांची नेमबाजी एका कालच्या पोरीने अर्ध्या मिनिटात निकालात काढली होती. बाळाचा चेहरा निवळेपर्यंत ही मात्र त्याच्या पावलांवर तळहात ठेवून उभी राहिली. परत जावं लागणार, हे तिने मनाशी धरलंच होतं. सहा नंबर घरी जाईल तेव्हा आपण इथे नसू, हे मात्र तिला फार लागलं.

दोन वाजता इन्चार्ज सिस्टरांनी तिला खोलीत बोलावलं. कागद टेबलावर होता. ‘कायम करावे’ असं लिहून खाली सही झालेली होती. तिने तो दोनदा वाचला. गप्प राहणं सोपं होतं, पण तिला ते जमेना.

"सिस्टर, सहा नंबरची शीर मला मिळाली नाही. धाकटीने पकडली."

"माहीत आहे. ड्यूटी संपताना मी प्रत्येक बाळाचे हातपाय बघते. मनगटावर दोन खुणा तुझ्या, घोट्यावर एक तिची. विचारलं मी तिला."

"आणि तरी सही केलीत?"

इन्चार्ज सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"तुझ्या आधी चौघी आल्या होत्या. हुशार होत्या. चौघींनाही मी परत पाठवलं."

"त्यांनाही शीर सापडली नाही?"

"सापडली की," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "चौघींनाही सापडली. कोणाला चौथ्या खेपेला, कोणाला पाचव्या."