पोटातल्याच्या नावाचा ग्लास

"आणा आत्याबाई, मी पाजतो तिले," म्हणत प्रेमलतानं सासूच्या हातातून ग्लास घेतला.

ग्लासात मोहाची दारू होती, कसल्याशा मुळ्या टाकून मुरवलेली. पोटातल्या लेकराले ताकद येते म्हणून बुढीनं दिवाळीतच बाटल्या भरून ठेवल्या होत्या. नातसुनेसाठी रोज संध्याकाळी अर्धा ग्लास.

आत सून सुचिता खाटेवर बसून होती. ग्लास पाहून तिनं पोटावर हात ठेवला.

"आई, मी नाही पीत."

"तुले कोण पाजून राहिलं? हळू बोल."

प्रेमलताले शेजारचा श्रावण दिसला का धडकी भरे. त्याची माय पोटुशी असताना रोज प्यायची. पोट्टं आठ वर्साचं झालं, पण डोकं लहान, वरचा ओठ पातळ. शर्टाची बटनं लावता येत नाहीत. काल शिकवलेलं आज आठवत नाही. एकदा घरची गल्ली चुकला आन् सावरगावच्या पुलावर रडत बसला.

"मायनं पेली का लेकरूबी पेते," गावच्या आशाताई मोनालीनं सुचिताले दिवस गेले तेव्हाच सांगितलं होतं. "एक घोटही नोको, काकू. जे बिघडते ते मंग सुधरत नाही."

बुढीले हे सांगून झालं होतं. "याच्यावरच मी पाच पोरं काढले," ती म्हणे. "तुहा नवराबी त्यातलाच."

पहिल्या दिवशी प्रेमलतानं ग्लास मोरीत ओतला. बुढीले डोळ्यानं दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. पोटातल्याच्या नावाचं सांडलं म्हणून दोन दिवस जेवली नाही, वरून म्हणे, उद्यापासून माह्यासमोर पाजा. तेव्हापासून ती दारातच बसे. खोलीले खिडकी एकच, तीबी बुढीच्या खाटेवर उघडणारी.

प्रेमलतानं नाक दाबलं आन् रोजच्यासारखा ग्लास सोताच रिकामा केला.

"पेली का वं?" दारातून बुढीचा आवाज आला.

"पेली, आजी," सुचिता म्हणाली.

प्रेमलतानं पदरानं तोंड पुसलं. ही दारू तिले काही सोसत नव्हती. संत्री तोडता तोडता मळमळ व्हायची, पाय सुजायचे. तशी चाळिशीबी आली होती, दिवाळीआधीच पाळी गेली होती. अंग जड झालं त्याचं तिले नवल वाटलं नाही. नातवाचं डोकं श्रावणसारखं नाही झालं म्हणजे बस.

दुसऱ्या दिवशी मोनाली आली. सुचिताची सौंसरच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली होती; मोनालीनं कागद उजेडात धरून पाहिला.

"लेकरू चांगलं आहे, काकू. वाढबी बरोबर आहे."

प्रेमलताच्या जिवात जीव आला. बुढी ऐकणार नाही अशा आवाजात तिनं सगळं सांगून टाकलं. सुचिता रडायले लागली.

"रडतं काहून? माह्या म्हातारपणाले काय होते आता?" म्हणत प्रेमलता हसत उठली, आन् चक्कर येऊन खाली बसली.

मोनालीनं तिले खाटेवर निजवलं. पोटावर हात ठेवला, जरा दाबला, आन् हात तिथंच थांबला. मंग पिशवीतून लघवी तपासायची पट्टी काढून दिली. "जाऊन या, काकू."

प्रेमलता परत आली. मोनालीनं पट्टी पाहिली.

"सुचिताचं लेकरू वाचवलं तुम्ही," ती म्हणाली. "पण काकू, तुमच्या पोटातलं कधीपासून पिऊन राहिलं?"