दाराबाहेरचा एकच जोड

दार वाजताच दॉतसुंगनं नवऱ्याला आणि मुलींना बोटानंच गप्प केलं. मलेशियात कागदांविना काढलेल्या नऊ वर्षांत तिनं दाराबाहेर कायम स्वतःच्या चपलांचा एकच जोड ठेवला. बाकीचे तांदळाच्या पिंपामागे. धाडीआधी पोलीस जोड मोजून आत किती माणसं ते ओळखत, आणि पुरुषांना आधी उचलत. आता रीतसर अमेरिकेत येऊनही तिची सवय सुटली नव्हती. बाहेर चर्चमधली बाई वही घेऊन उभी होती, तीही त्यांच्याच ब्रह्मदेशातल्या डोंगरांतली. "ताई, बर्फ पडेल आता. सगळ्यांना बूट द्यायचेत. घरात माणसं किती?" दॉतसुंग सावध झाली. मलेशियात पोलिसांना घरं दाखवणारेही आपल्याच भाषेत गोड बोलायचे. "मी एकटीच." आत सासूबाई खोकल्या. "मग खोकलं कोण?" "रेडिओ." बाईनं वही मिटली. "मलेशियात मीही सहा वर्षं एकटीच राहिले," ती म्हणाली, "नवरा आणि चार मुलांसकट." दॉतसुंगनं पिंपामागचे जोड बाहेर मांडले, नवऱ्याचा मात्र अजून नाही.