पाणपिसवांचे काटे

बोरी गावच्या बारवेतल्या पाणपिसवांना काटे होते. राईहून बारीक जीव. शत्रूचा वास पाण्यात लागला, की अंगावर काटे वाढवतो.

"मावशी, बारवेत मासे आहेत का?" मी बारवेशेजारी राहणाऱ्या पार्वतीबाईंना विचारलं.

"न्हाई मॅडम. लय वर्षं झाली, एक बी न्हाई." पाणी गाळलेलं फडकं त्यांनी बारवेवरच उलटं झटकलं, अडकलेले जीव परत पाण्यात जावेत म्हणून. मग तांब्या पुढे केला. "आमी हेच पितो."

नाही म्हणणं बरं दिसेना. मी प्याले.

परभणीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्या पिसवा बोअरच्या पाण्याच्या दोन बरण्यांत सोडल्या. आठवड्यात पिल्लं झाली, सगळी बिनकाट्यांची. म्हणजे शत्रू बारवेतच राहिला होता.

सोमवारी मात्र डाव्या बरणीतल्या पिल्लांना काटे फुटलेले दिसले. शनिवारी थर्मामीटर सापडेना, तेव्हा त्याच बरणीत मी बोट बुडवून पाहिलं होतं.

मी हात साबणाने तीनदा धुतले. उजव्या बरणीतल्या पाण्याला अलगद बोट टेकवलं.

सगळ्या पिसवा एकदम तळाशी गेल्या.